टोल कधी थांबणार, हे कायद्यात लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांवर १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांना टोल माफ झाला. तेव्हापासून कुठेही टोलचा विषय निघाला की बोलणं एकाच प्रश्नावर येतं : आमच्या नाक्यावरचा कधी माफ करणार? आपल्या वाचकपत्रांतही हाच सूर असतो. लोकांची भावना मला समजते, कारण कोल्हापूरकर म्हणून टोलविरोधी मोर्चात मीही चालले आहे. तरीही माफीची मागणी करून आपण आपलाच मुद्दा हलका करतो आहोत, असं मला वाटतं. माफी हा सरकारच्या मर्जीचा विषय. आज मिळेल, उद्या दुसऱ्या रस्त्यावर दुसऱ्या नावाने वसुली सुरू होईल. टोल किती वर्षं घ्यायचा, ठेकेदाराला परतावा किती द्यायचा आणि कोणत्या दिवशी नाका उचलायचा, ही तीन मापं विधिमंडळाने कायदा करून ठरवावीत, ही मागणी कुणी लावून धरत नाही. त्यासाठी हे पत्र लिहिते आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्यावं.

माझी नोकरी इथल्याच एका नागरी सहकारी बँकेत, कर्ज विभागात झाली. ट्रक, टेम्पो, जेसीबी, ऊसतोडणीच्या ट्रॅक्टरची प्रकरणं माझ्या टेबलावरून जायची. मंजुरीपत्रात मुद्दल, व्याजदर, मुदत आणि हप्त्यांचा तक्ता या चार गोष्टी नसतील तर साहेब सही करायचे नाहीत, आणि तसा कागद पुढे सरकवायची माझी हिंमत नव्हती. रस्त्याचा बीओटी करार (बांधा, वापरा, हस्तांतरित करा) हेही मुळात एक कर्जप्रकरणच आहे. ठेकेदार पैसे घालतो, रस्ता बांधतो, आपण वाहनचालक वर्षानुवर्षं हप्ते भरतो. फरक एवढाच की मंजुरीपत्रावर आपली सही नसते आणि हप्त्यांचा तक्ता आपल्याला कुणी दाखवत नाही.

कोल्हापूरची गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण तपशील विसरले गेलेत. शहरातले साधारण ४९ किलोमीटरचे रस्ते, खर्च २२० कोटी, आणि टोलची मुदत ३० वर्षं. महापालिका, राज्य रस्ते विकास महामंडळ आणि कंपनी असा तिघांतला करार. शहराच्या चारी बाजूंना नऊ नाके बसले. शिरोली, फुलेवाडी, कळंबा, शाहू नाका अशी नावं घेतली की बाहेरच्याला वाटेल ही शहरापासून लांबची ठिकाणं असतील. तसं नाही. करवीर तालुक्यातला माणूस दवाखान्यात, मार्केट यार्डात, कोर्टात, पोरांच्या कॉलेजात यायला जो रस्ता रोज वापरतो, त्या रस्त्याच्या तोंडावर हे नाके होते. गुळाच्या रव्यांचा टेम्पो, भाजीची गाडी, कुणाच्या लग्नाचं वऱ्हाड, सगळ्यांना तीच खिडकी. ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली, जानेवारी २०१४ मध्ये नाक्यांची तोडफोड आणि जाळपोळ झाली, प्रकरण कोर्टकचेऱ्यांत फिरलं आणि डिसेंबर २०१५ मध्ये टोल कायमचा रद्द झाला. एन. डी. पाटील सरांनी त्या वयात जो लढा उभा केला, त्याबद्दल मी वेगळं काही लिहायची गरज नाही.

त्या काळात टोलविरोधी कृती समितीच्या बैठकांत कराराच्या झेरॉक्स फिरायच्या. माझ्या हातात आलेली प्रत इतकी पुसट होती की आकडे वाचायला ट्यूबलाइटच्या खाली जाऊन बसावं लागलं. बायका बाजूला घोषणांचे फलक रंगवत होत्या आणि मी सवयीने मागची परिशिष्टं उलटत होते. वाहनांचा अंदाज कुणी काढला, किती दिवस मोजणी करून काढला, दरवर्षी किती टक्क्यांनी वाहनं वाढतील असं धरलं आणि वाढ त्याहून जास्त झाली तर मुदत कमी होणार का, हे मी शोधत होते. बँकेत तेवढंच शिकले होते. उत्पन्नाचा अंदाज कमी दाखवला की मुदत आपोआप लांबते, हे कोणत्याही कर्ज अधिकाऱ्याला झोपेतून उठवून विचारलं तरी तो सांगेल. वाहनं अंदाजापेक्षा जास्त आली तर काय, याचं वाहनचालकाच्या बाजूचं उत्तर मला त्या कागदांत मिळालं नाही. आमचं आंदोलन रस्त्यांचा दर्जा, अर्धवट गटारी, तोडलेली झाडं या मुद्द्यांवर पेटलं आणि ते मुद्दे खरे होते. पण माझ्या मनात ते परिशिष्ट राहिलं.

टोल गेला तेव्हा आम्ही पेढे वाटले. मात्र कंपनीचं देणं राज्य सरकारने आपल्या अंगावर घेतलं. म्हणजे शिरोलीच्या नाक्यावर न भरलेला पैसा गडचिरोलीच्या माणसाने भरलेल्या करातूनही गेला. हे न्यायाचं झालं असं मी म्हणू शकत नाही, आणि आंदोलन चुकलं असंही म्हणणार नाही. करार करतानाच मापं चुकली की शेवटी कुणीतरी निरपराध माणूसच पैसे भरतो.

आता दिल्लीचं उदाहरण बघा. टोलबद्दल आजवर जेवढं वाचलं, त्यात मला हे सगळ्यात बोलकं वाटतं. दिल्ली आणि नोएडाला यमुनेवरून जोडणारा जो डीएनडी उड्डाणमार्ग आहे, त्याचा करार १९९७ चा. २००१ मध्ये पूल सुरू झाला. खर्च सुमारे ४०७ कोटी. नोएडा प्राधिकरणाने कंपनीला एकूण प्रकल्प खर्चावर वर्षाला २० टक्के परतावा देऊ केला आणि मुदत ठेवली ३० वर्षं. पण पुढचं कलम असं की ३० वर्षांत तो परतावा पूर्ण वसूल झाला नाही तर मुदत दोन-दोन वर्षांनी वाढत राहील. आणि ज्या वर्षी २० टक्क्यांना जेवढं कमी पडेल, ती तूट प्रकल्प खर्चात मिळवायची.

हे वाचून ज्यांच्या लक्षात आलं नसेल त्यांच्यासाठी छोटा हिशेब मांडते. खर्च १०० रुपये धरा. पहिल्या वर्षी कंपनीला २० मिळायला हवेत. समजा सगळा चालू खर्च जाऊन हातात ८ आले. तूट १२, म्हणून खर्च झाला ११२. दुसऱ्या वर्षी हक्क २२ रुपये ४० पैशांचा. वाहनं वाढली, ९ आले. तूट १३.४०, खर्च १२५.४०. तिसऱ्या वर्षी १० आले, हक्क २५.०८ चा, तूट १५.०८, आणि खर्च गेला १४०.४८ वर. उत्पन्न दरवर्षी वाढतं आहे, रस्ता उत्तम चालला आहे, आणि तरी येणं दरवर्षी फुगतं आहे. तीन वर्षांत कंपनीने २७ रुपये घेतले आणि तिचं येणं ४० रुपयांनी वाढलं. असा तक्ता घेऊन माझ्याकडे कुणी आलं असतं तर मी त्याला चहा पाजून परत पाठवलं असतं. हे कर्ज फिटण्यासाठी लिहिलेलंच नाही.

नोएडातल्या रहिवासी संघटनांच्या महासंघाने २०१२ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात याचिका केली. ऑक्टोबर २०१६ मध्ये न्यायालयाने टोल बंद केला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २० डिसेंबर २०२४ रोजी तिथेही हरली. निकालातले मुद्दे आपल्या आमदारांनी वाचावेत असे आहेत. निविदा न काढता काम दिलं गेलं. खर्च आणि भरपूर नफा वसूल होऊन गेला होता. परताव्याचं सूत्रच असं होतं की टोल कधी संपू नये. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं : नोएडा प्राधिकरण ज्या कायद्याने जन्माला आलं, त्या उत्तर प्रदेशच्या १९७६ च्या कायद्याने त्याला दिलेल्या अधिकाराच्या बाहेर जाऊन हा करार झाला. कायद्याने परवानगी दिली असेल तर शुल्क गोळा करण्याचं काम दुसऱ्यावर सोपवता येतं. शुल्क बसवण्याचा अधिकारच खासगी कंपनीच्या हातात देता येत नाही. राज्याचा कायदा पुस्तकात होता म्हणून तो कराराला लावून बघता आला. १५ वर्षं लोकांनी पैसे भरले, ते काही परत मिळाले नाहीत, पण नाका उठला.

आपल्याकडे हे माप कशाला लावणार? राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या यादीत ५९ व्या क्रमांकावर टोल आहे. म्हणजे राष्ट्रीय महामार्ग सोडले तर आपल्या राज्यातल्या रस्त्यांच्या आणि पुलांच्या टोलबद्दल कायदा करण्याचा पूर्ण अधिकार आपल्या विधिमंडळाला आहे. प्रत्यक्षात आपल्याकडे टोल उभा आहे तो १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्याच्या कलम २० वर. त्याखाली अधिसूचना निघते, अधिसूचनेत दर आणि मुदत असते, आणि खरा मजकूर करारनाम्यात असतो. वाहनचालकाला नाक्यावर दिसतो तो फक्त दरांचा फलक. गुजरातने पायाभूत प्रकल्पांमधल्या खासगी भागीदारीसाठी १९९९ मध्येच स्वतंत्र कायदा केला. आंध्र प्रदेशाने २००१ मध्ये, पंजाबने २००२ मध्ये, बिहारने २००६ मध्ये केला. त्या राज्यांत सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. पण प्रकल्प कसा निवडायचा, खासगी कंपनीशी करार कोणत्या चौकटीत करायचा, याला तिथे विधानसभेने मंजूर केलेली कलमं आहेत. बीओटीने सर्वाधिक रस्ते बांधणाऱ्या राज्यांत ज्याची गणना होते, त्या महाराष्ट्राने टोलच्या बाबतीत एका कर कायद्याच्या एका कलमावर इतकी वर्षं भागवावं, हे मला पटत नाही.

याचा एक परिणाम मी नाक्यांवर नेहमी बघते. तावातावाने भांडणारा गाडीवाला म्हणतो, दोन नाक्यांत ६० किलोमीटर अंतर पाहिजे, तुमचा नाका बेकायदा आहे. दुसरा म्हणतो, माझं घर २० किलोमीटरच्या आत आहे, मला मासिक पास द्या. दोघंही बरोबर वाचून आलेले असतात, पण ते नियम २००८ च्या राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियमांतले. राज्याच्या रस्त्याला ते लागू नाहीत. राज्याच्या रस्त्यावर त्या माणसाचा हक्क काय, हे सांगणारं तसं एकही पान मला त्याच्या हातात देता येत नाही. खिडकीतला पोरगा बिचारा पगारावर काम करतो, त्यालाही माहीत नसतं. मग मागे हॉर्न वाजायला लागतात आणि माणूस पैसे भरून पुढे जातो.

दुसरा परिणाम त्याहून गंभीर. टोल सुरू होतो अधिसूचनेने आणि बंद होतो घोषणेने. जून २०१४ मध्ये ४४ नाके बंद झाले. २०१५ मध्ये आणखी १२ बंद झाले आणि ५३ नाक्यांवर मोटारी, जीप आणि एसटीला सूट मिळाली. २०२४ मध्ये मुंबईचे पाच नाके, आणि तो निर्णय झाला विधानसभा निवडणूक जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी. सरकार कोणत्या पक्षाचं होतं हा माझा विषय नाही. प्रत्येक वेळी कंत्राटदाराशी करार शिल्लक होता, त्यामुळे प्रत्येक वेळी भरपाईचा प्रश्न आला. मुंबईच्या नाक्यांचं कंत्राट २०१० मध्ये २,१०० कोटी रुपये एकरकमी घेऊन दिलेलं होतं. ते पैसे सरकारने तेव्हाच वापरले. आता माफी दिली की त्याची भरपाई एकतर तिजोरीतून रोख किंवा मुदत वाढवून, म्हणजे ट्रकवाल्यांकडून. भाजी, दूध, सिमेंट वाहणारी गाडी अजूनही टोल भरते आणि तो पैसा आपल्या बाजाराच्या पिशवीतूनच जातो. मोटारवाल्याला सूट आणि मालवाहूला वाढीव मुदत हा निर्णय कदाचित योग्यही असेल, पण त्यावर सभागृहात आकड्यांसह चर्चा होऊन तो व्हायला हवा होता.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाबद्दलही लिहायला हवं. खंडाळ्याच्या जुन्या घाटात ट्रकच्या मागे रांगेत तासनतास बसलेल्या माझ्या पिढीला त्या रस्त्याचं मोल कुणी सांगायला नको. मी टोलच्या विरोधात नाही. चांगल्या रस्त्याला पैसे लागतात. पण वसुलीचा इतिहास बघा. २००४ मध्ये ९१८ कोटी घेऊन १५ वर्षांचं कंत्राट दिलं. २०१९ मध्ये ते संपलं, टोल संपला नाही. २०२० मध्ये पुन्हा दहा वर्षांहून जास्त मुदतीसाठी ८,२६२ कोटींना नवं कंत्राट झालं. दर तीन वर्षांनी सुमारे १८ टक्के वाढ ठरलेली. एप्रिल २०२३ मध्ये मोटारीचा दर २७० वरून ३२० रुपये झाला. रस्त्याच्या खर्चाची वसुली कधीतरी मागे पडली आणि हा टोल इतर कामांसाठी पैसा उभा करण्याचं साधन झाला. नवे बोगदे, नवे पूल यांसाठी असा पैसा उभा करावा की नाही, यावर दोन मतं असू शकतात. माझं मत असं की तसं करायचं असेल तर तो कर आहे हे मान्य करा, आणि कर बसवायचा अधिकार विधानसभेचा आहे.

कायद्यात काय असावं, हे मी बँकेतल्या सवयीने सांगते. प्रकल्पाचा खर्च काम पूर्ण झाल्यावर एकदा, स्वतंत्र लेखापरीक्षकाकडून, रुपयांत निश्चित व्हावा आणि नंतर त्यात काहीही मिळवायला बंदी असावी. परताव्याची कमाल मर्यादा कलमात असावी. टोलची शेवटची तारीख असावी, आणि खर्च व ठरलेला परतावा त्याआधीच वसूल झाला तर त्याच दिवशी वसुली थांबावी. यांपैकी जे आधी घडेल ते. डीएनडीचं सगळं दुखणं इथेच होतं, तिथे मुदतवाढीच्या कलमामुळे व्यवहारात ‘जे नंतर घडेल ते’ झालं. मुदतवाढ द्यायची वेळ आली तर ती मंत्रिमंडळाच्या टिपणीवर न देता सभागृहासमोर ठेवून द्यावी. माफी देतानाही तसंच : भरपाई किती, कुणाच्या खिशातून आणि किती वर्षं, हे आधी पटलावर यावं.

आणि वाहनांची मोजणी. पूर्वी नाक्यावरची गणती म्हणजे कंत्राटदाराचं रजिस्टर आणि त्याच्यावर विश्वास. १ एप्रिल २०२५ पासून राज्याच्या नाक्यांवरही फास्टॅग सक्तीचा झाला आहे. आता टॅग वाचून गेलेल्या प्रत्येक गाडीची नोंद संगणकात आहे, वेळेसकट, वर्गासकट, पैशासकट. मग दर महिन्याला कोणत्या नाक्यावर किती गाड्या गेल्या, किती जमा झाले आणि किती वसुली बाकी आहे, हे जाहीर करायला अडचण कसली? आमच्या बँकेत कर्जदार काउंटरवर आला की त्याला शिल्लक मुद्दल सांगणं हे आमचं कर्तव्य होतं. न सांगणाऱ्या कारकुनाला मेमो मिळायचा. मागे एका राज्य रस्त्यावरच्या नाक्यावर मी गाडी बाजूला लावून फलक वाचला होता. प्रकल्पाचं नाव, दर, तक्रारीचा नंबर सगळं होतं. वसुली संपण्याच्या तारखेच्या जागी नव्या दरांचा स्टिकर चिकटवलेला होता. कडेने थोडा सुटला होता, पण खालचा आकडा वाचता येत नव्हता. तिथल्या व्यवस्थापकांना विचारलं. ते नम्रपणे म्हणाले, मॅडम, ते हेड ऑफिसला माहीत असतं.

कुणी म्हणेल, असे कडक कायदे केले तर कंपन्या पैसे घालणार नाहीत. कर्ज देणाऱ्यांच्या बाजूला आयुष्य काढलेली बाई म्हणून सांगते, पैसे देणारा कमी परताव्याला जेवढा भितो त्यापेक्षा जास्त अनिश्चिततेला भितो. कोल्हापूरच्या कंपनीकडे ३० वर्षांचा करार होता आणि दोन-सव्वादोन वर्षांत टोल गेला. डीएनडीच्या कंपनीकडे जवळजवळ न संपणारा करार होता, तो कोर्टात टिकला नाही. करारात ओरबाडून घेतलेला हक्क लोक रस्त्यावर मोडतात किंवा न्यायालय मोडतं, आणि मग त्या कंपनीला कर्ज दिलेल्या बँकांचं खातं थकतं. त्या बँकांत ठेवी आपल्याच असतात. १२ टक्क्यांचा पण खात्रीचा परतावा कायद्यात लिहून मिळाला तर पैसे घालणारे येतील. रस्त्याची मोजणी खरी असेल तर नक्कीच येतील.

मोठा कायदा होईल तेव्हा होईल. त्याआधी आपल्या भागातल्या आमदारांनी पुढच्या अधिवेशनात एवढा एक तारांकित (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) प्रश्न टाकावा : राज्यात आज सुरू असलेल्या प्रत्येक राज्यमार्गावरच्या आणि पुलावरच्या टोल नाक्याचा मूळ प्रकल्प खर्च किती, आजपर्यंतची वसुली किती, आणि करारानुसार शेवटची तारीख कोणती? तीन रकान्यांचा तक्ता आहे. बांधकाम खातं आणि रस्ते विकास महामंडळ यांच्याकडे तो तयार असायलाच हवा. उत्तर आलं तर आपण तो तक्ता जसाच्या तसा छापावा, अशी विनंती करते.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
राजारामपुरी, कोल्हापूर